आगीचा बंब आणि गावाचा हुकूम

ग्वाल्हेरला गेलेला मराठी माणूस किल्ला पाहतो, तानसेनाच्या समाधीपाशी क्षणभर थांबतो आणि मग बहुधा महाराज बाड्यावरून सराफा बाजारात शिरतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे छावणी टाकली. ती छावणी पुढे उठली नाही, तिचेच शहर झाले, आणि ‘लष्कर’ हे नाव मात्र कायम राहिले. सराफ्यातील दगडी इमारती आणि त्यांचे कोरीव झरोके पाहताना, या ठिकाणी आगीचे भय ते काय, असे वाटते. परंतु दगडाच्या आत लाकूड असते, कापड असते, कागद असतो. आणि सोने तर विस्तवाशिवाय घडतच नाही. सराफाची पेढी म्हटली की जवळपास कोठेतरी कारागिराची शेगडी आलीच.

अशा बाजारात आग लागली तर प्रथम धावणार कोण? याचे उत्तर सगळ्या जगात एकच आहे : शेजारी. बंब मागाहून येतो. पण धावून आलेल्या शेजाऱ्यांना हुकूम कोणी द्यायचा, त्यांच्या हाती साधने कोणी द्यायची, आणि त्यांच्या हातून चूक झाली तर जाब कोणी द्यायचा, हा दुसरा प्रश्न तितका सोपा नाही. श्रोतेहो, आजचे माझे बोलणे या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी प्लिनी नावाचा रोमन अधिकारी आशिया मायनरमधील बिथिनिया प्रांताचा कारभार पाहत होता. तेथील निकोमीडिया शहरात मोठी आग लागली. पुष्कळ घरे जळाली, रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या सार्वजनिक इमारती जळाल्या, आणि लोक हात बांधून पाहत उभे राहिले. शहरात ना पाणी फेकण्याचे यंत्र होते, ना बादली. प्लिनीने सम्राट ट्रेजनला लिहिले की, दीडशेच्या आतबाहेर कारागिरांचे एक आगविझवे पथक उभारू द्यावे. माणसे थोडी असल्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवणे कठीण जाणार नाही. सम्राटाने नकार दिला. अशा मंडळ्यांनी त्या प्रांतात पूर्वी पुष्कळ उपद्रव केला आहे. नाव काहीही द्या, माणसे एकत्र आली की त्यांचा राजकीय कंपू होतो, हे त्याचे कारण. साधने ठेवा, घरमालकांना कामाला लावा, गरज पडली तर जमलेल्या गर्दीची मदत घ्या, एवढाच त्याचा सल्ला. साधने हवीत हे सम्राटाला पटले होते, यात शंका नाही. पण साधने वापरायला सरावलेले हात लागतात, ते गर्दीतून ऐनवेळी कसे मिळणार, याचे उत्तर त्याच्या पत्रात नाही.

ट्रेजनचे भय अगदीच पोकळ मात्र नव्हते. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने युनियन फायर कंपनी स्थापन केली. तीस सभासद, प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवण्यासाठी पिशव्या तयार ठेवायच्या, सभेला गैरहजर राहिल्यास दंड भरायचा आणि त्या दंडाच्या पैशातून शिड्या व बंब घ्यायचे. किती सुरेख योजना! तिचे पाहून इतर मंडळ्या निघाल्या. परंतु पुढच्या शतकात त्याच शहरात अशा मंडळ्यांची तरुण पोरे आगीच्या जागी पाण्याच्या नळासाठी एकमेकांची डोकी फोडू लागली. पाणी कोणी आधी मारायचे यावर हाणामारी, आणि घर मागे जळत आहे! सिनसिनाटीने १८५३ मध्ये पगारी दल उभे केले. फिलाडेल्फियानेही १८७१ मध्ये तोच मार्ग धरला. स्वयंसेवकांचा उत्साह कमी पडला म्हणून हे घडले नाही. त्या उत्साहाला जाब विचारणारे कोणी नव्हते, म्हणून घडले.

आता मुंबईकडे वळू. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात भयंकर आग लागली आणि वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. पुढे बराच काळ आग विझवण्याचे काम पोलिसांकडे होते. चोर पकडणाऱ्याने सवडीने बंबही ओढायचा, असा तो प्रकार. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने अग्निशमन दल ठेवणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरवले. ‘आवश्यक’ या शब्दाला येथे फार किंमत आहे. बाग करावी की न करावी हे पालिकेने ठरवावे. बंब ठेवावा की न ठेवावा, हे तिला ठरवता येत नाही. १८९० मध्ये लंडनच्या दलातील निकोल्स यांना प्रमुख म्हणून आणण्यात आले आणि खरे धंदेवाईक दल उभे राहिले.

दुसऱ्या महायुद्धात स्वयंसेवक पुन्हा पुढे आले. इंग्लंडमध्ये १९३८ पासून साहाय्यक अग्निदल भरती होऊ लागले आणि ते स्थानिक दलांना जोडले गेले. पण दले सुमारे सोळाशे! एका गावच्या नळीचा जोड दुसऱ्या गावच्या नळाला बसेना. बॉम्ब पडत असताना शेजारच्या गावाहून आलेले बहाद्दर जोड जमत नाही म्हणून उभे राहिले. अखेर १९४१ मध्ये सरकारने सगळी दले एका राष्ट्रीय सेवेत घातली, आणि १९४८ मध्ये ती पुन्हा स्थानिक संस्थांच्या हवाली केली. मात्र लहानसहान गावांच्या नव्हे, परगण्यांच्या आणि मोठ्या शहरांच्या. देखरेख करणारी संस्था स्थानिक असावी, पण इतकीही लहान नसावी की तिला स्वतःच्या वेशीपलीकडचे दिसू नये.

१४ एप्रिल १९४४ चा दिवस मुंबईकरांच्या आठवणीतून जाणे शक्य नाही. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. पोटात कापसाच्या गासड्या, सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये आणि सोन्याच्या लगडी. दुपारी धूर दिसला. पालिकेचे बंबवाले आले आणि पाणी मारू लागले. जहाज तेथेच बुडवावे की ओढून समुद्रात न्यावे, यावर कप्तान, दारूगोळ्याचा लष्करी अधिकारी, गोदीचा व्यवस्थापक आणि अग्निदलाचा प्रमुख यांचा विचार होत राहिला. प्रत्येकाला आपापला अधिकार होता; सर्वांवर शेवटचा शब्द टाकणारा कोणी नव्हता. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सहासष्ट बंबवाले गेले. इतर माणसे किती शेकड्यांनी गेली, ते वेगळेच. सोन्याच्या लगडी शहरात दूरवर उडाल्या आणि त्यांतली एक एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली. ही लगडीची गोष्ट लोक हौसेने सांगतात. मला मात्र त्या दोन तासांची गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. ज्यांच्या हातात नळी होती ते हुकुमाप्रमाणे जागेवर टिकले. हुकूम ज्यांनी एकमुखाने द्यायचा, त्यांचे मात्र ठरले नाही.

सराफ्याशी जवळचा आणखी एक प्रसंग. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीला, झवेरी बाजाराच्या परिसरात, गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. त्या आगीने मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी नेले. दल पगारी होते, शिकलेले होते, प्रमुख स्वतः जागेवर हजर होता. तेथे उणीव असेल तर ती बंब पोचण्याच्या कितीतरी आधीची : जुन्या दाट वस्तीत कोणी काय साठवले आणि कोणी कोठे भट्टी लावली, हे वेळच्या वेळी पाहण्याची.

हे पाहणेही कायद्याने सांगितले आहे. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतील साधने चालू आहेत, असा दाखला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. मी नोकरीच्या आरंभी ज्या शाळेत होतो, तेथे व्हरांड्यात लाल बादल्यांची रांग टांगलेली असे. एकदा मुलांकडून त्या उतरवून घेतल्या, तर वाळूपेक्षा पेन्सिलींची टरफले आणि शेंगांची फोलेच अधिक निघाली. बादल्यांना रंग मात्र दरवर्षी न चुकता मिळत होता.

जर्मनीत आजही आग विझवणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. सुतार, शिक्षक, दुकानदार भोंगा वाजला की हातचे काम टाकून धावतात. पण बंब गावाच्या मालकीचा, पोशाख आणि शिक्षण गावाच्या खर्चाने, आणि पुष्कळ प्रांतांत असा नियम आहे की, नायक स्वयंसेवकांनी निवडावा व त्या निवडीला गावच्या सभेने संमती द्यावी. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. ट्रेजनचे भय आणि फ्रँकलिनचा उत्साह, दोघांचीही त्यात बूज राखली आहे.

आपल्याकडे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोग्या अठरा कामांची यादी आहे; अग्निशमन हे त्यांतले सातवे. ग्वाल्हेरचे बंब तेथील महानगरपालिकेचेच आहेत. सराफ्याचा मुख्य रस्ता रुंद आहे, त्यावरून बंब सुखाने येईल. आतल्या गल्ल्यांत तो शिरणार नाही. तेथे नळी ओढत न्यावी लागेल, आणि तिचे पहिले टोक धरणारे हात पेढीवरच्या मुनिमाचे किंवा शेजारच्या कारागिराचेच असतील. ते टोक कसे धरायचे, हे त्यांना आग लागण्यापूर्वी दाखवून ठेवणे, हे काम त्या सातव्या कलमातच येते.