'अराजक' आणि 'अराज्यवाद' : एका संज्ञेचा अर्थविचार

मराठीत अराजक 'माजते'. ते कोणी स्थापन करीत नाही. क्रियापदाच्या या निवडीतच त्या शब्दामागील भय व्यक्त होते. परंतु ज्या युरोपीय तत्त्वप्रणालीस आपण 'अराजकतावाद' म्हणतो, तिचा आग्रह सक्तीच्या सत्तेवाचून चालणाऱ्या व्यवस्थेचा आहे. हा विरोध कसा उद्भवला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ग्रीक 'अनार्खिया' म्हणजे अधिपतीचा अभाव. अथेन्समध्ये वर्षास त्या वर्षीच्या आर्खनचे नाव देत. इ. स. पू. ४०४-४०३ चा आर्खन अल्पजनसत्तेच्या काळात निवडला गेल्यामुळे अथेन्सवासी त्या वर्षास 'अनार्खिया' म्हणत, असे झेनोफोन सांगतो. त्या वर्षी सत्ता होती, किंबहुना जुलमी होती. अभाव होता तो मान्यतेचा.

फ्रेंच राज्यक्रांतीत 'अनार्किस्ट' ही प्रतिपक्षास द्यावयाची शिवी होती; १७९३ मध्ये ब्रिसोने जहाल क्रांतिकारकांविरुद्ध ती वापरली. १८४० मध्ये प्रूदाँने 'मालमत्ता म्हणजे काय?' या ग्रंथात तीच संज्ञा स्वतःस अभिमानाने लावून घेतली. पुढे या पंथाचे लोक 'अन्' आणि 'आर्की' यांमध्ये संयोगचिन्ह घालण्याचा आग्रह धरीत, असे क्रपोट्किनने नोंदविले आहे. 'सत्ता नको' आणि 'गोंधळ हवा' हे दोन अर्थ वेगळे राखण्याची भिस्त एका आडव्या रेघेवर होती! ती रेघ टिकली नाही.

संस्कृत परंपरेतही हे द्वैत आहे. रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मृत्यूनंतर अराजक जनपदाचे भयावह वर्णन येते. शांतिपर्वात मात्र मात्स्यन्यायाच्या वर्णनाबरोबरच राजा व दंड यांवाचून धर्मानेच परस्परांचे रक्षण करणाऱ्या आद्य प्रजेचाही उल्लेख आहे. 'अराजक' शब्दाने पहिला अर्थ जपला. दुसऱ्यास स्वतंत्र नाव लाभले नाही.

ब्रिटिश अमदानीत अर्थसंकोच अधिकच झाला. १९१९ च्या रौलट कायद्याच्या नावातच 'अराजक' आणि 'क्रांतिकारक' गुन्हे शेजारी बसविले होते. तत्पूर्वी १९१६ मध्ये काशीच्या भाषणात गांधींनी आपणही अराजकवादीच, पण निराळ्या प्रकारचे, असे म्हटले होते. सरकारने गुन्ह्यास दिलेले नाव त्यांनी विचारास परत देऊ पाहिले.

म्हणून अव्यवस्थेस 'अराजक' व तत्त्वप्रणालीस 'अराज्यवाद' असा भेद अभ्यासकांनी कटाक्षाने पाळावा. राज्यसंस्थेवाचून समाज टिकेल काय, हा प्रश्न वादाचा आहे. परंतु संज्ञेनेच त्याचा निकाल आधी देऊन टाकला, तर वादच संभवत नाही.