लहान मुलं सोबत असताना ट्रॉली जागेवर नेऊन ठेवायची की नाही?

रविवारी संध्याकाळी नाशिकमधल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं थांबलात, तर हे दृश्य दिसेलच. महिन्याच्या किराण्यानं भरलेली ट्रॉली, तिच्या हँडलजवळच्या सीटवर दीड वर्षाचं बाळ, शेजारी पाच वर्षांची मुलगी आणि पर्समध्ये किल्ली शोधणारी आई. सामान गाडीत चढतं. आता रिकामी ट्रॉली दारापाशी नेऊन ठेवायची, तर तेवढा वेळ मुलांना कुठे ठेवायचं? आणि तिथेच सोडली, तर मागे जागेसाठी थांबलेला हॉर्न वाजवणार.

प्रश्न किरकोळ वाटतो, पण सोशल मीडियावर त्यावरून जगभर भांडणं झाली आहेत.

वाद कुठून सुरू झाला?

२०२० मध्ये फोर-चॅन या साइटवरची एक निनावी पोस्ट व्हायरल झाली. तिला 'शॉपिंग कार्ट थिअरी' असं नाव पडलं. म्हणणं असं होतं, की ट्रॉली परत ठेवली नाही तर कुणी शिक्षा करत नाही आणि ठेवली तर बक्षीसही मिळत नाही. त्यामुळे ती परत ठेवणारा माणूस चांगला आणि न ठेवणारा वाईट. मीम्स बनवायला ही कसोटी फारच सोयीची होती.

२०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मानसशास्त्रज्ञ आईनं टिकटॉकवर (आपल्याकडे ते २०२० पासून बंद आहे) सांगितलं, की मी ट्रॉली परत नेणार नाही, कारण त्यासाठी मला मुलांना गाडीत एकटं सोडावं लागतं. तो व्हिडिओ एक कोटीहून जास्त वेळा पाहिला गेला. निम्मे लोक तिच्यावर तुटून पडले, निम्म्या आयांनी हात जोडले.

खरं तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या माणसाबद्दल बोलत होत्या. ती कसोटी मोकळ्या हातांच्या माणसासाठी आहे. कडेवर बाळ आलं, की हिशोब बदलतो.

'दोन मिनिटांत येते' किती धोक्याचं?

बंद कार उन्हात उभी असेल, तर पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान साधारण १० ते ११ अंश सेल्सिअसनं वाढतं. काच थोडी खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. अमेरिकेत दरवर्षी सरासरी ३७ च्या आसपास मुलं गाडीतल्या उष्णतेनं दगावतात. नाशिकची हवा थंड म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एप्रिल-मेमध्ये इथेही पारा चाळिशी ओलांडतो.

ट्रॉली ठेवून यायला दहा मिनिटं लागत नाहीत, हे खरं. पण बिलात चूक सापडली, लिफ्ट वर गेली, कुणी ओळखीचं भेटलं, की दोन मिनिटांची दहा होतात. एसी चालू ठेवून, किल्ली आत ठेवून जाणं हा उपाय नाही. मूल आतून लॉक करून बसतं.

दुसरा धोका खुद्द ट्रॉलीचा आहे आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. १९९० ते २०११ या काळात अमेरिकेत ट्रॉलीमुळे जखमी होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या मुलांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी २४ हजार मुलं, म्हणजे दिवसाला ६६. त्यातल्या सुमारे ७० टक्के मुलांना ट्रॉलीतून पडून लागलं होतं आणि बहुतेकांना मार डोक्याला होता. मूल वर बसलं, की ट्रॉलीचा तोल वर सरकतो. मोठं भावंडं बाजूला लोंबकळलं, की ती कलंडू शकते. म्हणून ट्रॉलीत बाळ ठेवून डिकीकडे पाठ फिरवणं हेही सुरक्षित नाही.

दुचाकीवाल्यांचं काय?

वरचा सगळा वाद कारवाल्यांचा आहे. आपल्याकडे मात्र कितीतरी घरांचा किराणा स्कूटरवरून येतो. स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर मुलाला बसवून ट्रॉली ठेवायला जाणं हे कारमध्ये सोडण्यापेक्षाही वाईट, कारण मूल हललं की गाडी त्याच्यासकट आडवी होते. हँडलला दोन जड पिशव्या अडकवल्या असतील तर लवकरच.

परतीच्या प्रवासाचाही विचार हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं अधिसूचित केलेल्या आणि वर्षभरानं लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आवश्यक आहे. पुढे पायाशी तांदळाची गोणी आणि तिच्यावर उभं मूल, हे त्यात बसत नाही.

'त्यासाठी माणूस ठेवलाय ना!'

आपल्याकडचा हा हुकमी युक्तिवाद. अर्धा बरोबर आहे. रविवार कारंजा किंवा मेन रोडच्या जुन्या किराणा दुकानात आपण यादी द्यायचो. काढणं, मोजणं, बांधणं दुकानदाराचं आणि सामान बऱ्याचदा घरपोच. अमेरिकेत १९१६ मध्ये मेम्फिसच्या 'पिगली विगली' दुकानानं ग्राहकाला स्वतः सामान घ्यायला लावलं. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीचे दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी ट्रॉली आणली. सुरुवातीला बायकांनी ती नाकारली, आयुष्यभर बाबागाड्या ढकलल्या तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं असल्याचा किस्सा सांगितला जातो. म्हणजे ट्रॉली परत नेणं हे मुळात दुकानाकडून आपल्याकडे सरकलेलं काम आहे.

उरलेला अर्धा भाग असा, की तो माणूस ट्रॉल्या स्टँडवरून रांगेनं ओढत नेतो. एकेक ट्रॉली खांबाआडून, उतारावरून शोधायची, तर त्याचं काम कित्येक पटींनी वाढतं. मोकळी सोडलेली ट्रॉली बेसमेंटच्या उतारावर घरंगळते, कुणाच्या तरी दारावर आपटते किंवा अपंगांसाठी राखलेली जागा अडवते. व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली उतरून ती हलवता येत नाही.

मग करायचं काय?

बरीचशी अडचण क्रमाची आहे. मूल कुरकुरत असतं म्हणून आपण आधी त्याला गाडीत बसवतो, मग पिशव्या, मग ट्रॉली. हे उलटं करा. मूल ट्रॉलीच्या सीटवर पट्टा लावून, एक हात ट्रॉलीवर. पिशव्या डिकीत. गाडी लॉक. मग मुलासकट ट्रॉली स्टँडवर न्यायची आणि मुलाला कडेवर किंवा हात धरून परत आणायचं. मोठ्या मुलाला ट्रॉलीचा दांडा धरून चालायला सांगा, वर चढू देऊ नका. यासाठी गाडी दारापेक्षा ट्रॉली स्टँडजवळ लावलेली बरी. बसता न येणारं बाळ असेल, तर ते छातीशी बांधलेल्या कॅरियरमध्ये. बाळाची सीट ट्रॉलीवर आडवी ठेवण्याचा मोह टाळा.

स्कूटर असेल तर ट्रॉली दारातच सोडा आणि दोन पिशव्यांत मावेल एवढंच घ्या. गोणी, तेलाचा डबा घरपोच मागवा किंवा दुसरं कुणी सोबत असेल त्या दिवशी आणा.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर? मुलांपाशी थांबा. ट्रॉली उतारावर न सोडता भिंतीला टेकवून ठेवा, वॉचमनला सांगा. त्याहून सोपं म्हणजे आत निघालेल्या कुणालाही 'दादा, ट्रॉली हवी का?' विचारा. रविवारी संध्याकाळी आत ट्रॉल्या कमीच पडतात, त्यामुळे सहसा कुणी नाही म्हणत नाही.

तक्रार करायचीच असेल, तर ती आईकडे नको, दुकानाच्या मॅनेजरकडे करा. अनेक ठिकाणी स्टँड फक्त दारापाशी असतो. पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, विशेषतः दुचाकींच्या बाजूला, आणखी एक स्टँड लावायला चार लोखंडी पाइप पुरतात.