परसातील खासगी

इंदूरचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे प्रथम राजवाड्याचे सात मजले डोळ्यांसमोर उभे राहतात. मग मल्हाररावांच्या स्वाऱ्या, अहिल्याबाईंचा दानधर्म, 1817 ची महिदपूरची लढाई आणि 1818 चा मंदसोरचा तह हे सारे ओघाने येते. हत्ती, घोडे आणि उंट ह्यांनाही त्या कथेत मानाचे स्थान असते. परंतु ज्या दोन जिवांनी ह्या प्रांतातील गरीब संसारांना शेकडो वर्षे हात दिला, त्यांचे नाव बखरकाराच्या लेखणीवर क्वचितच येते. ते दोन जीव म्हणजे परसात वाढणारी कोंबडी आणि शेळी. त्यांच्याबरोबर त्यांना सांभाळणारी माणसेही इतिहासाबाहेर राहिली. आज त्यांचीच थोडी विचारपूस करावयाची आहे.

ह्या दोघींचे कुळ फार जुने आहे. शेळी माणसाळली ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, इराणच्या झाग्रोस पर्वताच्या परिसरात. कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो ब्रह्मदेश, सयाम आणि चीनच्या नैर्ऋत्य भागातील जंगलांत प्रथम माणसाच्या संगतीला आला, असे अलीकडच्या आनुवंशिक संशोधनावरून दिसते. पुढे आपल्या सह्याद्रीतील व दक्षिणेतील करड्या रानकोंबड्याचेही रक्त त्या वंशात मिसळले. पुष्कळ कोंबड्यांच्या पायांना व कातडीला जो पिवळा रंग दिसतो, तो ह्या करड्या रानकोंबड्याची देणगी होय.

माळव्यापुरते बोलावयाचे तर इंदूरहून विंध्याचा घाट उतरून नर्मदेकाठी महेश्वरला जावे. समोरच्या तीरावर नावडातोडी आहे. तेथे हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 पासून उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे कुडाच्या भिंतींच्या गोल व चौकोनी झोपड्यांतून शेतकरी राहत होते. त्यांच्या घरांत गहू आणि मसुरीसारखी धान्ये सापडली, आणि त्यांच्याबरोबर गाईबैलांची, डुकरांची व शेळ्यामेंढ्यांचीही हाडे सापडली. म्हणजे महेश्वरचा घाट बांधला जाण्यापूर्वी तीन हजार वर्षे त्या काठावर शेळी चरत होती.

लेखी पुरावा हवा असेल तर तो सम्राट अशोकाकडे आहे. राज्यावर येण्यापूर्वी अशोक उज्जयिनीस अवंतीचा कारभार पाहत होता, असे बौद्ध परंपरा सांगते. आपल्या राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर त्याने जो पाचवा स्तंभलेख कोरविला, त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे. गाभण किंवा दुभती शेळी मारू नये, सहा महिन्यांच्या आतील करडू मारू नये, कोंबड्याचे खच्चीकरण करू नये, असे तो बजावतो. ही बारकाई पाहिली म्हणजे त्या काळीही गावोगाव हे प्राणी किती पाळले जात असतील, ह्याची कल्पना येते. जी गोष्ट घरोघर घडत नाही, तिच्यासाठी सम्राटाला दगड कोरवावा लागत नाही.

मात्र धर्मग्रंथांनी कोंबडीला उंबरठ्याबाहेर ठेवले. मनुस्मृतीत गावठी कोंबडा द्विजांना निषिद्ध सांगितला आहे. पहाटेच्या आरवण्यावर लोकांनी दिवस मोजले, आणि कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हणही साऱ्यांच्याच तोंडी रुळली; पण खुराडे मात्र ठराविक आळ्यांतच राहिले. गावकुसाबाहेरच्या वस्त्या, मुसलमान कारागिरांची घरे, डोंगरातील भिल्लांचे पाडे, इतर शेतकरी व कष्टकरी कुटुंबे, ह्यांनी कोंबडी सांभाळली. इंदुरातील ब्राह्मणी वाड्यात परसात तुळस, कर्दळ आणि फार तर एखादी गाय असे. कोंबडीचा इतिहास लिहिला गेला नाही, ह्याचे एक कारण ह्यातच आहे. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या परसात ती नव्हती.

शेळ्यामेंढ्यांची गोष्ट मात्र इंदूरच्या राजघराण्याशी निगडित आहे. मल्हारराव होळकर जन्मले 1693 मध्ये, नीरेकाठच्या होळ गावी, एका धनगर कुटुंबात. वडील लवकर वारल्यामुळे ते खानदेशात तळोद्यास मामाकडे, भोजराज बारगळांकडे वाढले आणि लहानपणी मेंढरांमागे रानात हिंडले. उन्हात झोपलेल्या त्या पोरावर नागाने फणा धरला, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एवढे खरे की माळव्याचे राज्य ज्याने मिळविले, तो जित्राबाची किंमत जाणणारा पुरुष होता. मामाचीच कन्या गौतमाबाई त्यांची पत्नी झाली.

ह्या गौतमाबाईंच्या नावाशी एक महत्त्वाची गोष्ट जोडलेली आहे. 1734 साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या सरंजामाशिवाय काही महाल व गावे खास गौतमाबाईंच्या नावे करून दिली. ह्या उत्पन्नाला 'खासगी' म्हणत. फौजेच्या खर्चाची दौलत वेगळी आणि राणीची खासगी वेगळी. ती पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या त्यांच्या धर्मकार्यामागे तिचाच आधार होता. स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा असला म्हणजे ती काय करू शकते, ह्याचे होळकरांची खासगी हे उत्तम उदाहरण होय.

राणीला खासगी होती. मग राजवाड्यापासून दूर, कुडाच्या घरात राहणाऱ्या बाईला काय होते? जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे, बैल घराचे, धान्य कणगीत. तिची खासगी म्हणजे परसातील चार कोंबड्या आणि दावणीची एक शेळी. आपल्या समाजाची ही एक अलिखित सनद होती आणि तिच्यावर कोणाचाही शिक्का नव्हता. अंड्यांचे पैसे तिचे, करडाचे पैसे बहुधा तिचे. त्यांतून मीठ, तेल, पोराची पाटी, लेकीची चोळी आणि आजारपणातले औषध होत असे.

ह्या खासगीचा हिशेब फार नेटका असे. गावठी कोंबडी वर्षाकाठी 60-70 अंडी देई. दहा-बारा अंडी झाली की ती खुडूक होऊन बसे आणि 21 व्या दिवशी पिले बाहेर पडत. त्यांतील काही घारीच्या, काही मुंगसाच्या, काही बोक्याच्या वाट्याला जात. जी उरत तोच नफा. सायंकाळी डालग्याखाली झाकणे आणि सकाळी मूठभर कणी टाकणे एवढाच काय तो खर्च. बाकीचे अन्न ती स्वतः उकिरड्यावर, अंगणात, गोठ्यात शोधी. किडे, सांडलेले दाणे, भाजीचे देठ, उष्टे-खरकटे ह्यांचे तिच्या पोटात अंडे होत असे.

शेळी तर सवाई. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचे गवत ह्यांवर ती जगते. गाय ज्या रानात उपाशी मरेल तेथे ती पोट भरते. पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळे देते. जिला विकत घेणे परवडत नसे, ती दुसऱ्याची शेळी अर्धलीने राखी. होणाऱ्या करडांत अर्धा वाटा मालकाचा, अर्धा राखणारीचा. अशा रीतीने पदरी दमडी नसलेल्या विधवेलाही दोन-तीन वर्षांत स्वतःची शेळी मिळे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात; तिला गरिबाची पेढी म्हणणेही चुकीचे होणार नाही. नडीच्या वेळी बैल विकला तर शेती बुडते. बोकड विकला तर घर तगते. लेंड्यांचे खत शेताला मिळे ते निराळेच.

1818 च्या तहानंतर इंदूरजवळ महूस इंग्रजांची छावणी आली आणि ह्या व्यवहाराला नवे गिऱ्हाईक मिळाले. गोऱ्या सोल्जरांना व साहेबांना कोंबडी आणि अंडी रोज लागत. मुंबई-आग्रा रस्ता इंदुरावरून जातो. देशभरच्या अशा हमरस्त्यांवरील डाक बंगल्यांत साहेबाची गाडी येताच खानसामा अंगणातली कोंबडी पकडी आणि घटकाभरात ती ताटात येई. अँग्लो-इंडियन बोलीत ह्या पक्वान्नाचे नावच 'आकस्मिक मृत्यू' असे पडले होते! साहेबाने विनोद केला. पण ती कोंबडी आसपासच्या एखाद्या परसातूनच आलेली असे. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, ही म्हण अशा वेळी आठवल्याशिवाय राहत नाही.

विसाव्या शतकात शेळीला अनपेक्षित प्रतिष्ठा लाभली. गांधीजींनी गाई-म्हशींचे दूध सोडले होते. दीर्घ आजारानंतर 1919 च्या प्रारंभी, व्रत गाई-म्हशींपुरतेच होते, शेळीच्या दुधाला हरकत कशाची, असे कस्तुरबांनी सुचविले आणि त्यांनी ते मानले. संसारी स्त्रीची ही व्यवहारबुद्धी होती. त्याच कस्तुरबांच्या स्मरणार्थ ग्रामीण स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी स्थापन झालेल्या न्यासाचे मुख्य ठाणे इंदूरजवळ कस्तुरबाग्राम येथे आहे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

1935 च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरास आले, तेव्हा त्यांनी येथील वनस्पती उद्योग संस्थेला भेट दिली. 1924 मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातील मुताची माती आणि राख ह्यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. 1931 मध्ये त्या दोघांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि ती 'इंदूर पद्धती' म्हणून जगभर पोहोचली. टाकाऊ म्हणून काही नसतेच, हा तिचा मूळ मंत्र. हॉवर्डसाहेबांनी त्याला शास्त्राचे रूप दिले. परसातील बाईच्या तो अंगवळणी पडलेला होता.

1970 नंतर देशात कुक्कुटपालन हा उद्योग झाला. पिंजऱ्यातील संकरित कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देऊ लागली आणि अंडे गरिबालाही परवडू लागले. हा लाभ लहान नव्हे. पण गावठी जाती मागे पडल्या. तरीही इंदूरच्या पश्चिमेस झाबुआच्या डोंगरात भिल्ल-भिलालांनी आपला कडकनाथ सोडला नाही. त्याचे पीस काळे, मांस काळे, हाडांवरही काळी झाक. त्याची मादी उबवणीला फारशी बसत नाही, म्हणून तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. इतकी मिजास सांभाळून पाड्यावरच्या बायांनी हा वंश टिकविला. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि शहरी बाजारात त्याचा भाव वधारला. वाण ज्यांनी राखले त्यांच्या पदरात ह्या वाढत्या भावाचा वाटा पडतो की मधल्या व्यापाऱ्याच्या, हा प्रश्न मात्र मानांकनाने सुटत नाही.

परसातील पालनाला दोष नाहीत असे नाही. राणीखेत, म्हणजेच मानमोडी, एका आठवड्यात अख्खे खुराडे रिकामे करते. 2006 मध्ये नवापुरास बर्ड फ्लू आला तेव्हा लक्षावधी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. 2020 च्या अखेरीस इंदुरातच मेलेल्या कावळ्यांत त्याचे विषाणू सापडले. दाट वस्तीत जनावरे आणि माणसे एकाच खोलीत राहावीत, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. लस, स्वच्छ पाणी आणि वेगळा निवारा ह्यांवाचून जुनी रीत आज चालावयाची नाही.

तरीही ही रीत संपलेली नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात 14 कोटी 88 लाख शेळ्या भरल्या. कोंबड्या व इतर पाळीव पक्षी 85 कोटींवर गेले, आणि त्यांतील सुमारे 31 कोटी 70 लाख परसातले होते. 2012 च्या मानाने परसातील पक्ष्यांची संख्या जवळजवळ 46 टक्क्यांनी वाढली. आपण ज्याला गेलेला काळ समजतो, त्यावर आजही कोट्यवधी घरे उभी आहेत.

2017 पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचा गौरव होत आला. 2022 मध्ये येथे दररोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा कारखानाही सुरू झाला. ह्याचा अभिमान वाटावा असेच हे काम आहे. मात्र पूर्वी खरकट्याचे अंडे होई तेव्हा त्याचा पैसा घरातल्या बाईच्या गाठीला बांधला जाई. आज त्याचा वायू होतो आणि त्याचा पैसा दुसरीकडे जमा होतो. शहरातून खुराडे आणि दावे गेले, तेव्हा त्या बाईची खासगीही गेली. तिच्या जागी तिला काय मिळाले, हे मात्र कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. गौतमाबाईंच्या खासगीची सनद आपण जपून ठेवली. ज्या लाखो बायांच्या खासगीला सनदच नव्हती, त्यांचा हिशेब मांडण्याचे काम इतिहासाकडे अजून बाकी आहे.