पहिल्या बेसमागचे अठरा फूट

शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेच्या दिवशी सकाळी मैदानावर फक्की पडते. बेसच्या रेषा, पिचरचं वर्तुळ, बॅटरचे चौकोन, सगळं आखून होतं. एका जागेवर मात्र फक्कीचा ठिपकाही पडत नाही. पहिल्या बेसच्या पलीकडे, फाउल लाइनला खेटून, बेसपासून अठरा ते वीस फुटांवर असलेली ही जागा. सामना सुरू झाला आणि बेस रिकामे असले की बेस अंपायर नेमका तिथे येतो आणि दोन्ही पाय रेषेबाहेर ठेवून उभा राहतो. प्रेक्षकांना वाटतं, सावली बघून थांबला असेल. पण ही जागा ठरायला कित्येक दशकं गेली आहेत.

तिचं मूळ बेसबॉलमध्ये आहे. 1845 साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने नियम लिहून काढले, त्यानंतर बराच काळ निर्णयाचा सगळा भार एकाच अंपायरवर असे. सुरुवातीला तो पहिल्या बेसच्या बाजूला चक्क खुर्ची टाकून बसायचा. पुढे तो कॅचरच्या मागे गेला आणि बेसवर रनर असला की पिचरच्या मागे उभा राहू लागला. पण चेंडू लांब गेला की त्या एका माणसाने झेल बघायचा की रनरचे पाय? खेळाडूंनी ही अडचण बरोबर हेरली. शिकागो आणि बॉस्टनकडून खेळलेला माइक केली अंपायरची पाठ वळताच मैदानातून आडवा पळत सुटायचा आणि मधला बेस गाळून पुढचा गाठायचा, असं आजही सांगतात. दुसरा अंपायर आला तो या लबाडीवर उतारा म्हणून. दोन अंपायर नेमायचे म्हणजे दोघांचा पगार, त्यामुळे मालकांनी बरीच वर्षं हात आखडता घेतला. 1910 च्या आसपास अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये दोघांची पद्धत रुळली. एक प्लेटमागे, एक बेसवर.

सॉफ्टबॉल जन्मला तो बंद दालनात. नोव्हेंबर 1887 मध्ये शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅन्कॉक यांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट. पुढे खेळ उघड्या मैदानावर आला, पण त्याचा आटोपशीरपणा टिकला. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर 90 फूट, इथे 60. महिलांच्या सामन्यात पिचर 43 फुटांवरून चेंडू सोडते आणि चपळ खेळाडू तीन सेकंदांच्या आतबाहेर पहिला बेस गाठते. अंपायरच्या वाट्याला वेळ येतो तो एवढाच.

याहून मोठा फरक एका नियमाने पडला, आणि बेस अंपायरच्या जागेचं खरं कारण मला त्यातच दिसतं. बेसबॉलमधला रनर पिचरने चेंडू टाकण्याआधीच बेस सोडून चार पावलं पुढे सरकू शकतो. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत पाय बेसला लागलेलाच हवा. आधी उचलला तर रनर बाद आणि तो चेंडू मोजलाच जात नाही. म्हणजे पिचरचा हात आणि रनरचा पाय एकाच नजरेत मावले पाहिजेत. बेसबॉलचा दुसरा अंपायर रनर असताना बेसच्या चौकटीत, पिचरच्या मागे उभा राहतो. साठ फुटांच्या चौकटीत तो मध्ये उभा राहिला तर फील्डरच्या पायात येईल. म्हणून सॉफ्टबॉलचा अंपायर चौकटीबाहेर राहतो. रनर फक्त पहिल्या बेसवर असेल तर पहिल्या-दुसऱ्या बेसच्या बाजूला, दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर असेल तर शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या बाजूला.

आता चेंडू जमिनीलगत इनफिल्डमध्ये आला, असं धरू. नवशिका अंपायर बेसकडे धावतो. मुरलेला अंपायर मैदानात दोन-तीन पावलं टाकतो, थ्रो जिथून येणार त्या रेषेशी काटकोन साधतो आणि बेसपासून पंधरा-अठरा फुटांवर थांबतो. थ्रो सरळ येतोय एवढी खात्री झाली की तो चेंडूवरची नजर काढून बेसवर ठेवतो. तिथे फील्डरचा पाय आणि रनरचा पाय, एवढंच त्याला बघायचं असतं. चेंडू तो ऐकतो. ग्लोव्हमध्ये बसल्याचा ‘थप्’ आधी आला की बूट आधी टेकला, यावर निर्णय होतो. अगदी जवळ उभं राहिलं तर पाय आणि ग्लोव्ह दोन्ही एकदम नजरेत येत नाहीत. टॅगचा, म्हणजे रनरला चेंडूने शिवून बाद करण्याचा प्रसंग असेल तर मात्र दहा-बारा फुटांपर्यंत आत जावं लागतं, कारण तिथे ग्लोव्ह अंगाला लागला की नाही हे डोळ्यांनीच बघावं लागतं. तेव्हा काटकोन थ्रोशी नव्हे, रनरच्या वाटेशी साधायचा. जवळिकीपेक्षा कोन मोठा, हे मैदानावर कितीदा सांगितलं तरी पालकांच्या गळी उतरत नाही. त्यांना बेसशेजारी धापा टाकत पोचलेला अंपायरच खरा वाटतो.

चेंडू आउटफिल्डमध्ये गेला की गणित उलटतं. थ्रो आता बाहेरून येणार, म्हणून अंपायर धावत चौकटीच्या आत शिरतो, गर्रकन वळतो आणि रनरने पहिला बेस शिवला का ते बघून त्याच्याबरोबर पुढे सरकतो. चेंडू आत तर अंपायर बाहेर, चेंडू बाहेर तर अंपायर आत. केलीच्या काळात हे कोणाला सुचलं असतं तर त्याच्या निम्म्या करामती तिथेच उघड्या पडल्या असत्या. त्याच वेळी पहिल्यावरचा रनर तिसऱ्याकडे निघाला असेल तर त्याच्यासाठी प्लेट अंपायर तिसऱ्या बेसच्या बाजूला सरकतो. दोघांनी एकमेकांना हाक द्यायची असते. ती हाक राहिली की एका बेसवर दोन अंपायर आणि दुसऱ्यावर कोणीच नाही, असं होतं.

आपल्या मातीतल्या माणसाला हे परकं वाटू नये. खो-खोतले दोन पंच मध्यपाटीच्या दोन बाजूंना, लॉबीबाहेर राहून आपापली बाजू सांभाळतात आणि धावणाऱ्याबरोबर सरकतात. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात खो-खोचे नियम आखले गेले. तिथेही मैदान दोघांत वाटून घेणं आणि खेळाडूंच्या वाटेत न येणं याच गरजा होत्या. म्हणूनच खो-खोला पंचगिरी केलेला क्रीडाशिक्षक सॉफ्टबॉलच्या बेसवर लवकर रुळतो, असं माझं ठाम मत आहे. पावलं त्याला येतातच, काटकोन तेवढा शिकावा लागतो.

अलीकडे पहिला बेस दुहेरी झाला. मैदानाच्या आत पांढरा, फाउल लाइनबाहेर त्याला जोडून नारिंगी. टक्कर टळावी म्हणून फील्डरने पांढऱ्यावर पाय ठेवायचा आणि पहिल्याकडे धावणाऱ्या बॅटरने नारिंगीवर. अंपायरची उभं राहण्याची जागा तीच राहिली, पण पूर्वी एकाच बेसवर दिसणारे दोन पाय आता त्याला दोन बेसवर एकाच वेळी बघावे लागतात.