घरच्या नळाचा इतिहास

बेळगावच्या टिळकवाडीत एक मोठी विहीर आहे. 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन बेळगावी भरले, तेव्हा जमणाऱ्या लोकांना पाणी कोठून द्यावयाचे हा प्रश्न उभा राहिला आणि त्यापायी ही विहीर खणली गेली. लोक तिला काँग्रेस विहीर म्हणतात. त्या काळच्या माणसाला आपल्या पाण्याचा सारा प्रवास डोळ्यांनी दिसत असे. विहीर, पोहरा, घागर आणि घरातला हंडा, एवढीच त्याची वाट. आज राकसकोप आणि हिडकल येथील जलाशयांचे पाणी बेळगावात, आणि वेदगंगेचे व जवाहर तलावाचे पाणी निपाणीत, जमिनीखालच्या नळांतून घरोघर येते. तोटी फिरविली की पाणी मिळते. वाटेत त्याला कोणाकोणाची संगत घडली हे मात्र दिसत नाही. त्या संगतीतील एका धातूचा, म्हणजे शिशाचा, इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

नळ आणि शिसे यांचे नाते फार पुरातन. रोमन लोक शिशाचे पत्रे वळवून नळ करीत. लॅटिन भाषेत शिशाला 'प्लंबम' म्हणत, आणि आपण ज्याला प्लंबर म्हणतो त्याचे नाव त्याच शब्दावरून आले. शिसे मऊ असते, हवे तसे वाकते आणि लोखंडासारखे गंजत नाही. या गुणांवर कारागीर लुब्ध झाले यात नवल नाही. तरीही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील विट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने शिशाचे काम करणाऱ्यांचे निस्तेज चेहरे पाहून मातीचे नळच आरोग्याला बरे, असा निर्वाळा दिला होता. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने 1786 मध्ये एका मित्राला शिशाच्या विषबाधेविषयी सविस्तर पत्र लिहिले आणि उपयुक्त सत्य कळूनही आचरणात यावयास किती काळ लागतो, याबद्दल खेद व्यक्त केला. शिशाचा सारा इतिहास म्हणजे या खेदाचेच भाष्य होय.

आपल्या प्रदेशाची परंपरा मात्र निराळी. विजापुरास मुहम्मद आदिलशहाने 1651 मध्ये बेगम तलाव बांधला आणि तेथील पाणी चुनेगच्चीत बसविलेल्या मातीच्या नळांतून शहरात खेळविले. औरंगाबादेस मलिक अंबराच्या नहरीतही मातीचे नळ होते. पुढे इंग्रजी अमदानीत ओतीव लोखंडाचे नळ आले. 1860 मध्ये विहारचे पाणी मुंबईस पोहोचले. त्याच्या आदल्याच वर्षी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरास कॅट्रिन सरोवराचे पाणी मिळाले होते. ते इतके निर्मळ व मृदू की नगरवासीयांना त्याचा अभिमान वाटे. परंतु तेथील घरोघरचे नळ आणि टाक्या शिशाच्या होत्या. शंभराहून अधिक वर्षांनी, 1970 नंतरच्या दशकात, तेथील लोकांच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त आढळले. अखेर 1978 पासून पाण्यात चुना घालावा लागला.

निर्मळ पाण्याने घात कसा केला? जड पाण्यातील क्षारांचा नळाच्या आतून लेप बसतो आणि धातू झाकला जातो. मृदू आणि किंचित आम्ल पाण्यात असा लेप धरत नाही, आणि शिसे हळूहळू विरघळत राहते. आपल्या भागातही काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. तर सह्याद्रीच्या पावसाचे साठविलेले पाणी सहसा मृदू. म्हणजे ज्या पाण्यात साबणाला फेस चांगला येतो, त्याच्या बाबतीत नळाची पारख अधिक करावयास हवी.

आपल्याकडे घरोघरी शिशाचे नळ नव्हते, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळच पुष्कळ होते. म्हणून निश्चिंत राहावे असे कोणी म्हणेल. वास्तविक शिसे आडवाटेने येते. जुन्या लोखंडी नळांचे सांधे ताग ठोकून वर वितळलेले शिसे ओतून बंद करीत. जस्ताच्या मुलाम्यात, पितळेच्या तोट्यांत आणि डाकाच्या धातूतही थोडे शिसे असे. प्लॅस्टिकच्या पीव्हीसी नळांना टिकाऊपणा यावा म्हणून शिशाची संयुगे घालण्याची रीत होती. तिला आळा घालणारे नियम केंद्र सरकारने 2021 मध्ये केले. आणि आपली कल्हई? कल्हईचे कथील शुद्ध असेल तर भांडे निर्धोक. स्वस्ताईसाठी कथिलात शिसे मिसळले, तर आंबट आमटीबरोबर तेही पानात येते. आपल्या रसशास्त्राने शिशाला 'नाग' आणि कथिलाला 'वंग' अशी वेगळी नावे दिली आहेत. कल्हई लावून घेताना हा भेद विसरून चालणार नाही.

हे विष रंगाने, वासाने वा चवीने ओळखू येत नाही. मोठ्यांपेक्षा मुलांच्या शरीरात ते अधिक शोषले जाते आणि वाढत्या मेंदूची हानी करते. ती हानी भरून येत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे, असे भारतीय मानक सांगते. पाणी उकळावे ही शिकवण जंतूंसाठी योग्यच आहे. परंतु उकळल्याने शिसे जात नाही. पाणी आटते, शिसे तेवढेच राहते.

तेव्हा करावे काय? रात्रभर नळात तुंबलेले पाणी पहाटे काही वेळ वेगळे धरावे आणि धुण्याभांड्यांना वापरावे. स्वयंपाकास गरम पाण्याच्या नळाचे पाणी घेऊ नये, कारण उष्णतेने शिसे अधिक विरघळते. नवे नळ व तोट्या घेताना त्यांत शिसे नाही याची खातरजमा करावी. शंका असल्यास पाण्याची तपासणी करवून घ्यावी. मात्र नमुना जलाशयाचा नव्हे, घरातील तोटीचा, तोही सकाळच्या पहिल्या पाण्याचा द्यावा. कारण जलाशयाचा दाखला जलाशयापुरताच असतो. शेवटच्या वीस हातांत पाण्याला काय चिकटते, ते त्या दाखल्यावर उमटत नाही.

विहिरीच्या काळी आपल्या आज्या घागर चिंचेने घासून, आत डोकावून, मगच पाणी भरीत. नळ ही आजची घागर आहे. तिच्यात डोकावता येत नाही, एवढाच फरक. पण म्हणून डोकावण्याची सवय सोडून चालणार नाही.