पाचशे बारा बाइटांचा वारसा

संगणक सुरू करण्याची कळ आपण दाबतो, त्या क्षणी त्याची कामाची स्मृती कोरी असते. डिस्कवरचा प्रोग्रॅम वाचायचा, तर 'कसा वाचायचा' हे सांगणारा प्रोग्रॅम आधी स्मृतीत हवा. मग तो कोणी आणायचा? आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलण्यासारखा हा प्रकार! 'बूट होणे' हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला.

१९७५ सालच्या अल्टेअर ८८०० या संगणकात ही पहिली पायरी माणसाला रचावी लागे. दर्शनी भागावरचे खटके वर-खाली करून एकेक बाइट भरायचा. पुढे हे काम न पुसल्या जाणाऱ्या चिपकडे आले.

१९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक आणला. त्याची हार्ड डिस्क होती १० मेगाबाइटची. तिच्यावर एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून तिचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडण्याची सोय झाली. शेताच्या वाटण्या सातबाऱ्यावर नोंदतात, तशी या भागांची नोंद डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ठेवली गेली.

हा सेक्टर फक्त ५१२ बाइटांचा. त्यात ४४६ बाइट बूट करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, शेवटचे २ ओळखीच्या खुणेला. उरले ६४. एका नोंदीला १६ बाइट लागत, म्हणून नोंदी चारच!

प्रत्येक नोंदीत भागाची लांबी ३२ बिटांत, सेक्टरांच्या संख्येने लिहिलेली असे. आता फळ्यावर गणित करून पाहू. २चा ३२वा घात म्हणजे सुमारे ४२९ कोटी. त्याला ५१२ ने गुणले की येतात सुमारे २.२ लाख कोटी बाइट, म्हणजेच २ टेराबाइट. १० मेगाबाइटच्या काळात ही मर्यादा कोणाला जाणवणार? पण पीसीच्याच रचनेवर सर्व्हर उभे राहिले. त्यांत अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क भासवतात. तेथे ही भिंत आडवी आली.

दुसरा धोका याहून मोठा. नोंदीची प्रत एकच. तो एक सेक्टर बिघडला, तर सारी माहिती जागेवर असूनही सर्व्हर सुरू होत नाही. शेत आहे, पण बांध कोठे ते सांगणारा कागद हरवला!

१९९०च्या दशकाच्या अखेरीस इंटेलने इटॅनियम प्रोसेसरच्या यंत्रांसाठी ईएफआय ही नवी पद्धत आखली. तिच्यासोबत जीपीटी ही नवी नोंदवही आली. तिच्यात सेक्टरांचे क्रमांक ६४ बिटांचे, नोंदींसाठी साधारणतः १२८ जागा, आणि डिस्कच्या शेवटी दुसरी प्रत.

गंमत अशी, की या नव्या पद्धतीतही पहिला सेक्टर जुन्याच धाटणीचा ठेवतात. जुन्या प्रोग्रॅमांनी डिस्क रिकामी समजून तिच्यावर लिहू नये, म्हणून 'ही जागा व्यापलेली आहे' एवढेच तो सांगतो. तेव्हा जागेची काटकसर करणाऱ्यांचे चुकले असे आपण म्हणणार नाही. पण तात्पुरती वाटणारी सोय किती वर्षे सोबत करते, हे विद्यार्थ्यांना यातून जरूर दाखवू.