‘मी हिंदू नाही’

नोंदणी पद्धतीच्या विवाहाला आपल्याकडे साधेपणाने ‘रजिस्टर लग्न’ म्हणतात. घरातल्या मुलाने असे लग्न ठरवले की वडीलधारी माणसे जरा गप्प होतात. या लग्नात काहीतरी धर्माबाहेरचे आहे, असा त्यांच्या मनात एक जुना संशय असतो. श्रोतेहो, हा संशय अगदीच निराधार नाही. एके काळी असे लग्न करायचे तर वधूवरांना आपण धर्माबाहेर आहोत असे सहीनिशी लिहून द्यावे लागत असे. ती अट कशी आली आणि कशी गेली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हकिगत बंगालची आहे. ब्राह्मो समाजाने मूर्तिपूजा सोडली, तेव्हा लग्न कसे लावावे हा प्रश्न उभा राहिलाच. देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६१ साली आपल्या कन्येचा विवाह शालग्राम आणि होम वगळून लावला. बाकीचा विधी बराचसा जुनाच होता. केशवचंद्र सेन यांचा पक्ष याच्याही पुढे गेला. त्यांच्यात आंतरजातीय विवाह होऊ लागले. असे विवाह कायदेशीर आहेत काय, असा प्रश्न केशवचंद्रांनी बंगालच्या अॅडव्होकेट जनरलांपुढे ठेवला, तेव्हा प्रतिकूल मत मिळाले. याचा अर्थ उघड होता. आज सभेत टाळ्यांच्या गजरात लग्न लागावे आणि उद्या कोर्टात पत्नी ही पत्नी ठरू नये, मुले औरस ठरू नयेत, वारसा भलत्याकडे जावा!

तेव्हा सरकारकडे धाव घेणे आले. व्हाइसरॉयच्या मंडळातील कायदेपंडित हेन्री मेन यांनी १८६८ मध्ये एक व्यापक विधेयक मांडले. ज्याला प्रचलित धर्माचा विधी नको, त्या कोणालाही त्याखाली लग्न करता आले असते. यावर ठिकठिकाणच्या सनातनी मंडळींनी हरकत घेतली. रूढी मोडणाराने हिंदू म्हणून घरात राहावे, इस्टेटीत वाटा घ्यावा आणि विवाहाचे नियम मात्र झुगारावे, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून पुढचा मसुदा केवळ ब्राह्मोंपुरता केला. पण आता हरकत आली ती खुद्द ब्राह्मोंकडून! देवेंद्रनाथांच्या आदि ब्राह्मो समाजाचे म्हणणे असे की, आम्ही हिंदूच आहोत, आमचा विवाहविधी हिंदूच आहे, आणि त्याला वेगळा कायदा केलात तर तो आजवर अवैध होता असेच ठरेल.

या हरकतीला पुष्कळांनी निव्वळ जुनाटपणा म्हटले. मला तसे वाटत नाही. विधी सुधारणारा माणूस धर्मातून उठतो काय, हा देवेंद्रनाथांचा मूळ प्रश्न होता, आणि तो खरा होता. सरकारने त्याचे उत्तर दिले नाही. त्याला बगल दिली. १८७२ च्या तिसऱ्या कायद्यात ‘ब्राह्मो’ हा शब्दच ठेवला नाही. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे जे प्रतिज्ञेवर सांगतील त्यांच्यासाठी हा कायदा झाला. वराला १८ आणि वधूला १४ वर्षे पुरी हवीत, एक जोडीदार हयात असता दुसरे लग्न नाही, अशी त्यातली कलमे त्या काळी फार पुढची होती. पण दार उघडले ते असे अरुंद.

केशवचंद्रांनी ते दार स्वीकारले. आणि सहाच वर्षांनी, १८७८ मध्ये, आपल्या तेरा वर्षांच्या कन्येचे लग्न कुचबिहारच्या पंधरा वर्षांच्या राजाशी लावून दिले. संस्थानात हा कायदा लागू नव्हता, म्हणून कायदेभंग झाला नाही. अनुयायांचा मात्र विश्वास उडाला, आणि त्याच वर्षी साधारण ब्राह्मो समाज निराळा निघाला.

आपल्याकडे प्रार्थना समाजाची मंडळी ‘आम्ही हिंदू नाही’ असे लिहून द्यायला सहसा तयार नव्हती. डॉ. भांडारकरांनी १८९१ साली आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला. त्या कामी १८५६ चा कायदा अनुकूल होता. कुमारिकेच्या विवाहाला जे विधी पुरतात तेच विधवेच्या विवाहालाही पुरतील, असे त्यात म्हटले होते. जोतीराव फुल्यांची तऱ्हा तर आणखी निराळी. त्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ च्या डिसेंबरात भटजीवाचून लग्न लावले, तेही कोणत्या नव्या कायद्याची वाट न पाहता.

प्रतिज्ञेची अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यापुरती सुटली ती १९२३ साली, हरिसिंग गौर यांच्या खटपटीने. पण धर्म न सोडता लग्न करणाऱ्याला दंड ठेवलाच. तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे समजावे, त्याला दत्तक घेता येऊ नये, आणि दुसरा मुलगा नसेल तर त्याच्या बापाला मात्र खुशाल दत्तक घेता यावा! बाप जिवंत, मुलगा जिवंत, आणि कायद्याने घरात जागा रिकामी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने प्रतिज्ञा सर्वांनाच माफ केली. कुटुंबातून विभक्त होण्याचे कलम तेवढे राहिले. वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर ते लागू नाही, अशी दुरुस्ती व्हायला १९७६ साल उजाडले.

इकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने विवाह रूढ विधींनी व्हावा असे सांगितले, आणि सप्तपदी असेल तेथे सातव्या पावलाला विवाह पुरा होतो असे ठरवले. त्याचा एक निकाल १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात लागला. एका जोडप्याने कोणताही विधी न करता एका संस्थेकडून हिंदू विवाहाचे प्रमाणपत्र घेतले होते आणि त्यावर सरकारी नोंदही झाली होती. न्यायालयाने सांगितले की, विधी झाला नाही त्या अर्थी हिंदू विवाहच झाला नाही, आणि नुसत्या नोंदीने तो होत नाही. दीडशे वर्षांपूर्वी देवेंद्रनाथांना भीती होती ती, सरकारी कागद आपल्या विधीला खोटा ठरवील याची. येथे विधीवाचून कागदच खोटा ठरला.